जादा विजेची उष्णता करून साठवणे: गोव्यातील कारखान्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेर्णा, कुंडई, बेतोडा, पिसुर्ले, कुंकळ्ळी अशा वसाहतींतले लहान आणि मध्यम कारखाने समोर धरून ही उत्तरे लिहिली आहेत. रुपयांचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते धरलेले आहेत. त्या जागी आपल्या बिलातले घाला. ‘युनिट’ म्हणजे सगळीकडे एक किलोवॉट-तास, म्हणजेच ८६० किलोकॅलरी.

उष्णता साठवायची म्हणजे नक्की काय करायचे?

वीज स्वस्त असते किंवा वाया जाणार असते त्या तासांत हीटरने पाणी, विटा, दगड किंवा रेती तापवायची, भोवती जाड उष्णतारोधक थर ठेवायचा आणि गरजेच्या वेळी त्यातून गरम पाणी, गरम हवा किंवा वाफ काढून घ्यायची. कल्पना जुनी आहे. लोखंडाच्या झोतभट्टीला लागणारी हवा विटांच्या स्टोव्हमध्ये तापवण्याचे पेटंट एडवर्ड काउपर यांनी १८५७ मध्ये घेतले. तिथे विटा भट्टीतून निघणाऱ्या वायूने तापतात, इथे विजेने.

फिनलंडमध्ये कांकानपा इथे २०२२ साली ८ मेगावॉट-तासांची रेतीची साठवण सुरू झाली आणि पोर्नाइनेनला २०२५ मध्ये १०० मेगावॉट-तासांची, सुमारे २,००० टन सोपस्टोन या मऊ दगडाच्या चुऱ्याची. या बातम्या वाचून पुष्कळजण विचारणा करतात. पण त्या दोन्ही साठवणी मुख्यतः गावातल्या इमारती तापवण्यासाठी आहेत. तिथले आकडे वाफेवर चालणाऱ्या कारखान्याला जसेच्या तसे लावू नयेत.

आमच्या छपरावर सोलर आहे, दुपारी वीज उरते. ती उष्णतेत साठवावी का?

नेट मीटरिंग असेल आणि बाहेर पाठवलेल्या युनिटचे पूर्ण श्रेय बिलात मिळत असेल, तर नको. अशा वेळी ग्रीडच तुमची साठवण झालेली असते, तीही तुम्ही एक रुपया न गुंतवता. आठ-नऊ रुपयांची वीज वाचवू शकणारे युनिट हीटरमध्ये घालून पाच रुपयांचे इंधन वाचवण्यात अर्थ नाही. हा एक मुद्दा आधी न पाहिल्यामुळे बहुतेक प्रस्ताव कागदावर छान दिसतात आणि बिलात दिसत नाहीत.

मग खरी जादा वीज कोणती?

जी तुम्ही वापरली नाही तर तिचे काहीच मोल येत नाही, किंवा फार थोडे येते, ती. प्रत्यक्षात चार प्रकार आढळतात.

पहिला, इन्व्हर्टरला बाहेर वीज पाठवायची परवानगी नसलेले संच; रविवारी आणि सुटीच्या दिवशी त्यांचे उत्पादन इन्व्हर्टर स्वतःच दाबून टाकतो. दुसरा, वर्षाअखेरीस उरलेल्या श्रेयाचा हिशेब कमी दराने होतो तो भाग. तिसरा, दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा दर. ग्राहक हक्क नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १० किलोवॉटच्या वरच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून असे दर आणायचे होते: सौर तासांत नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी, आणि गर्दीच्या तासांत किमान १.२ पट. तुमच्या वर्गवारीला यातले काय आणि कोणत्या तासांत लागू आहे, ते संयुक्त विद्युत नियामक आयोगाच्या चालू दरपत्रकात पाहा. वीज खात्याच्या बिलावर वेळेनुसार वाचन छापलेले नसेल तर आधी तेवढे विचारून घ्या. शिवाय २०२२ च्या हरित मुक्त प्रवेश नियमांमुळे १०० किलोवॉटपासून पुढच्या ग्राहकाला बाहेरून सौर वीज घेता येते. तीही दुपारीच जास्त येते.

चौथा प्रकार विजेचा नाहीच, आणि बहुतेक ठिकाणी तोच सर्वांत स्वस्त पडतो: आज हवेत सोडली जाणारी उष्णता. तेलाच्या स्क्रू कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतली सत्तर टक्क्यांहून अधिक उष्णता तेलाच्या कूलरमधून गरम पाणी म्हणून परत मिळते. ७५ किलोवॉटचा कॉम्प्रेसर पूर्ण भारावर आठ तास चालला तर सुमारे ४०० युनिट उष्णता, ६० ते ७० अंशांच्या पाण्यात. त्यासाठी तेलाच्या मार्गात एक प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन द्रव न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारे साधन) आणि एक टाकी पुरते. एक पथ्य मात्र पाळायचे: एक्स्चेंजर लावल्यावर तेल जास्त थंड होऊ देऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की ७ बारला दाबल्यावर तिचा दवबिंदू (हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान) ६५ ते ७० अंशांवर जातो. तेल त्याखाली गेले की त्यात पाणी सुटते आणि बेअरिंगे जातात. म्हणून तेलाचे तापमान राखणारा मूळचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह काढायचा नाही आणि तेल ७५ अंशांच्या खाली उतरू द्यायचे नाही. मासळी प्रक्रिया कारखान्यांत अमोनिया कॉम्प्रेसरच्या गरम वायूवर डीसुपरहीटर (त्या वायूची उष्णता पाण्याला देणारा एक्स्चेंजर) बसवूनही धुण्यापुरते गरम पाणी मिळते.

परवडते की नाही, हे कसे काढायचे?

इंधनाचा दर त्यातून मिळणाऱ्या उपयोगी युनिटांनी भागा आणि साठवणीतल्या घटीसाठी ०.९ ने गुणा. जे उत्तर येईल त्याहून स्वस्त वीज मिळाली तरच पुढे जा.

फर्नेस ऑइलचा एक लिटर ८२ टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमधून साधारण ८.८ युनिट देतो. लिटरला ५० रुपये धरले तर विजेची मर्यादा ५.१० रुपये. एलपीजीचा किलो ८५ टक्क्यांनी १०.८ युनिट देतो. ८० रुपये किलो धरला तर मर्यादा ६.६५ रुपयांच्या आसपास. ४,००० किलोकॅलरीच्या ब्रिकेटचा (भुसा, शेतकचरा दाबून केलेल्या इंधनाचा) किलो ७० टक्क्यांनी ३.२५ युनिट, आठ रुपये किलो असेल तर मर्यादा अवघी २.२० रुपये. म्हणजे ब्रिकेटवर चालणाऱ्या कारखान्याने विकतची वीज उष्णतेत साठवायचा विचारच करू नये. एलपीजी किंवा डिझेलवर चालणाऱ्याने जरूर करावा.

बॉयलरची कार्यक्षमता मात्र माहितीपत्रकावरून घेऊ नका. रात्रपाळीला तीस टक्के भारावर चालणारा तेलाचा बॉयलर सारखा बंद-चालू होतो, दर वेळी पंखा भट्टीतली हवा बाहेर ढकलतो, आणि त्याबरोबर उष्णताही जाते. महिनाभराचे इंधन आणि फीड पाण्याच्या (बॉयलरला पुरवलेल्या पाण्याच्या) मीटरचे वाचन यांवरून किलोमागे किती वाफ झाली ते काढा. साठवणीचा खरा फायदा बहुतेकदा या कमी भाराच्या तासांतच सापडतो.

आमच्यासाठी विटा बऱ्या, पाणी बरे की रेती?

हे ठरवण्याआधी प्रक्रियेला प्रत्यक्ष किती तापमान लागते ते लिहून काढा. बॉयलरचा दाब म्हणजे प्रक्रियेचे तापमान नव्हे. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, टाक्या-पाइप धुण्याचे कॉस्टिक ७५ ते ८० अंशांवर चालते, औषध कारखान्यांत पाण्याचा लूप ८० अंशांवर निर्जंतुक करतात, फ्लुइड बेड ड्रायरची हवा साधारण ६० ते ८० अंश, हॉटेलांची लाँड्री ६० ते ७०. हे सगळे आज १७० अंशांच्या वाफेवर चालते ते केवळ वाफेची लाइन आधीपासून आहे म्हणून. खरी वाफ लागते ती ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याला), डबाबंद मासळीच्या रिटॉर्टला (डबे शिजवून निर्जंतुक करणाऱ्या भांड्याला), उकळण्याच्या कामांना.

९० अंशांखालचे काम असेल तर हीट पंप (विजेने भोवतालची उष्णता ओढून पाण्याला देणारे यंत्र) आणि पाण्याची टाकी यांना दुसरे काहीही मागे टाकत नाही. उदाहरण घ्या: लाँड्रीला दिवसाला २०,००० लिटर पाणी २८ वरून ७० अंशांवर न्यायचे आहे. त्याला ९७७ युनिट उष्णता लागते. हीटरने केले तर ९७७ युनिट वीज; ३.५ गुणांकाच्या (एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता देणाऱ्या) हीट पंपाने सुमारे २८० युनिट. विटांची साठवण कितीही चांगली बांधली तरी हा फरक ती भरून काढू शकत नाही. गोव्यातल्या बहुसंख्य कारखान्यांना विटांची नव्हे, मोठ्या टाकीची गरज आहे, असे आमचे मत आहे.

पाण्याच्या टाकीत चुकण्यासारखे काय आहे?

पुष्कळ. हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ युनिट लागतात, त्यामुळे १०,००० लिटरच्या टाकीत ६० ते ९० अंशांच्या दरम्यान सुमारे ३५० युनिट मावतात. पण हे खरे व्हायला वरचे पाणी गरम आणि खालचे गार, असे थर टिकले पाहिजेत. टाकी उभी घ्या, उंची व्यासाच्या अडीच ते तीन पट. गरम पाणी वरून आत, गार पाणी खालून, दोन्हीकडे भोकांची आडवी नळी किंवा चकती लावून वेग सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आत ठेवा. पंप थेट टाकीच्या मध्यावर सोडला की सगळे ढवळून निघते: ९० चे ना ६० चे, मधलेच पाणी मिळते, आणि मालक म्हणतो टाकी लहान पडली.

दुसरी अडचण पाण्याचीच. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ पण किंचित आम्ल असते, साध्या पोलादाच्या टाकीला आतून खाते. किनाऱ्याजवळच्या विहिरीत एप्रिल-मेमध्ये क्षार चढतात आणि त्यातला क्लोराइड ३०४ स्टेनलेसला टोचे पाडतो. ६० अंशांच्या वर ताण असलेल्या वेल्डजवळ केसासारख्या चिरा पडतात. ३१६ थोडे जास्त तग धरते, पण सुटत नाही. पाण्याची तपासणी पावसाळ्यात नव्हे, मे महिन्यात करा. पाणी खराब असेल तर साठवणीचे पाणी बंद फेऱ्यात ठेवून वापराचे पाणी एक्स्चेंजरमधून तापवा. माणसांच्या अंगावर जाणारे पाणी असेल तर साठवण ६० अंशांखाली ठेवू नये, नाहीतर लेजिओनेला जिवाणू वाढतो.

आम्हाला वाफच हवी आहे. काय पर्याय आहेत?

थोड्या मिनिटांची मागणी भागवायची असेल, म्हणजे दोन ऑटोक्लेव्ह एकदम उघडले आणि दाब पडला, तर वाफेचा अॅक्युम्युलेटर. दाबाखालच्या गरम पाण्याच्या भांड्यात दाब उतरला की त्यातले काही पाणी आपोआप वाफ होते. १० बारवरून ५ बारवर आले तर पाण्याच्या वजनाच्या साधारण ५ टक्के, ३ बारपर्यंत उतरू दिले तर ८ टक्के. म्हणजे १० टन पाण्यातून पाचशे ते आठशे किलो वाफ. हे अर्ध्या तासाचे साधन आहे, रात्रभराचे नाही. बंद केल्यावर आतली वाफ निवून पोकळी होते; व्हॅक्यूम ब्रेकर (अशा वेळी आत हवा घेणारी झडप) नसेल तर गॅस्केटे आत ओढली जातात.

काही तासांची वाफ हवी असेल तर विटांची साठवण. त्यात हीटर विटांच्या रांगांमधून बसवलेले असतात, पंखा बंद फेऱ्यात हवा फिरवतो आणि ती गरम हवा एका छोट्या बॉयलरला वाफ करायला लावते.

विटा किती लागतील? एक पुरता हिशेब दाखवाल का?

समजा रात्री आठ तास, तासाला ३०० किलो वाफ, ७ बार, फीड पाणी ८० अंशांवर. किलोला ०.६७६ युनिट लागतात, म्हणजे एकूण १,६२० युनिट. घट धरून १,८०० युनिट भरावे लागतील.

अग्निरोधक मातीच्या विटेचा एक टन एक अंश तापवायला साधारण ०.२८ युनिट लागतात. विटा ७५० वरून २५० अंशांवर उतरू दिल्या तर टनामागे १३९ युनिट, आणि १,८०० युनिटांना १३ टन. सगळ्या विटा सारख्या तापत नाहीत, कडेच्या मागे राहतात, म्हणून १६ टन धरा. भरीव विटांचे ७.६ घनमीटर, हवेच्या वाटा धरून ११. म्हणजे आत सव्वादोन मीटर बाजूचा ठोकळा आणि रोधक थरासह बाहेरून तीन मीटरच्या आसपास. पायावर चौरस मीटरला येणारे वजन मोजून घ्या. जुन्या शेडची फरशी हे पेलत नाही.

तळाचे तापमान २५० धरले याला कारण आहे. ७ बारची वाफ १७० अंशांची असते, त्यामुळे परतणारी हवा १९० ते २०० च्या खाली जाऊच शकत नाही. विटा त्याहून निवल्या तर त्यातली उष्णता वाफेच्या कामाची उरत नाही. शेवटी एक पाण्याचा एक्स्चेंजर जोडून फीड पाणी तापवले तर अजून थोडी निघते, आणि ते करावेच.

वाफ तयार करायला सुमारे २०३ किलोवॉट उष्णता सतत लागते. बॉयलरला ४०० अंशांची हवा देऊन ती २०० ला परत घ्यायची तर तासाला ३,५०० किलो हवा फिरवावी लागते. विटांतून संध्याकाळी ७०० ची आणि पहाटे ३०० ची हवा येणार, म्हणून थंड हवेची मिसळ करणारा डँपर (हवेच्या वाटेतली झडप) अनिवार्य. पहाटे हवा ४०० च्या खाली गेली की तीच उष्णता द्यायला प्रवाह वाढवावा लागतो. पंख्याची निवड त्या शेवटच्या तासावरून करा. पंखा नेहमी परतीच्या, गार बाजूला.

भरणे पाच तासांत करायचे तर ३६० किलोवॉटचे हीटर लागतील. ६० चे सहा गट करा, एकच मोठा नको.

एवढा भार ट्रान्सफॉर्मरला झेपेल का?

बहुधा नाही, आणि हे शेवटी आठवते. ५०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर दिवसाला आधीच २५० चालू असेल तर ३६० किलोवॉटला जागा नाही. शिवाय कमाल मागणी १५ किंवा ३० मिनिटांच्या टप्प्यांत नोंदली जाते. एका दुपारी सगळे गट एकदम लागले आणि करारातली मागणी ओलांडली, तर त्या महिन्याची बचत दंडात जाते. सहा गट एकामागून एक चढवणारा आणि एकूण मागणी पाहून उतरवणारा कंट्रोलर लावा. थायरिस्टर (विजेचा इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरत असाल तर फेज-अँगल पद्धत (विजेच्या प्रत्येक चक्राचा काही भाग कापणारी) टाळा, तिच्यामुळे हार्मोनिक्स, म्हणजे विजेच्या लहरीतला बिघाड, वाढतात. पूर्ण चक्रे सोडणारी पद्धत घ्या. विटांना काही सेकंदांचा खंड जाणवत नाही.

जांभ्याचे चिरे वापरता येतील का? नदीची रेती? खाणीवरची माती?

चिरे नाहीत. जांभ्यात लोह आणि अॅल्युमिनियमची पाणीयुक्त संयुगे असतात. ३०० अंशांच्या आसपास त्यांतले पाणी निघून जाते, दगड आकसतो, भेगाळतो आणि चक्रागणिक भुगा होत जातो. तोच भुगा हवेबरोबर पंख्यात आणि बॉयलरच्या नळ्यांवर. घराच्या भिंतीला उत्तम असलेला दगड या कामाला निरुपयोगी आहे. खाणीच्या ढिगाऱ्यांतली माती याच कारणाने नको.

रेतीचे तीन प्रश्न. मांडवी-झुआरीच्या भरतीच्या पट्ट्यातली रेती खारट असते आणि तापलेल्या पोलादावर क्लोराइड नको असतो. क्वार्ट्झ ५७३ अंशांना रचना बदलतो आणि फुगतो, त्यामुळे त्या तापमानाच्या आरपार रोज ये-जा केली तर कण फुटतात. ५०० पर्यंतच ठेवावे. आणि कोरडी रेती उष्णता फार हळू वाहून नेते, म्हणून नळ्या दाट घालाव्या लागतात. शिवाय रेती कायदेशीर परवान्याचीच घ्यायची, हे गोव्यात वेगळे सांगायला नको. बसाल्टची खडी त्या मानाने बरी, ६०० अंशांपर्यंत. तरीही लहान साठवणीत विटाच घ्या; त्यांचे गुणधर्म कागदावर लिहून मिळतात.

वितळलेले मीठ का नको?

सौर औष्णिक केंद्रांत ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचे मिश्रण २९० ते ५६५ अंशांत वापरतात. ते २२० ते २४० अंशांना गोठायला लागते. वादळी रात्री वीज गेली आणि पाइपांची तापती तार बंद पडली, की सगळी लाइन घट्ट. लहान कारखान्याने या वाटेला जाऊ नये.

किती उष्णता वाया जाते?

वरच्या उदाहरणातल्या साठवणीला ४०० मिलिमीटरचा थर (आत सिरॅमिक फायबर, बाहेर रॉकवूल) दिला तर आकडेमोडीने चार-पाच किलोवॉट सतत गळतात. आधारांतून आणि हीटरच्या टोकांतून जाणारी धरली की दिवसाला ७ ते ८ टक्के. मोठ्या साठवणींचे दीड-दोन टक्क्यांचे आकडे खरे असतात, पण ते मोठेपणामुळे: बाजू दुप्पट केली की घनफळ आठपट होते, पृष्ठभाग चौपटच वाढतो. म्हणून शनिवारची वीज सोमवारी वापरू, असा बेत लहान साठवणीवर आखू नका.

पावसाळ्यात काय होते?

छपरावरचे उत्पादन जुलैत उन्हाळ्याच्या निम्म्याच्या आसपास येते, आणि त्या दिवसांत जादा वीज जवळपास नसतेच. सौर तासांतला स्वस्त दर असेल तर साठवण वर्षभर चालते, नसेल तर आठ महिन्यांचाच हिशेब धरा.

यंत्राला त्रास पाण्याचा. भिजलेले रॉकवूल रोधक राहत नाही, आणि ओल्या थराखाली ५० ते १७५ अंशांचे साधे पोलाद बाहेरून न दिसता गंजते. पत्र्याचे सांधे पाणी ओघळेल असे खाली दुमडलेले हवेत, वरच्या बाजूला स्क्रूची भोके नकोत, आणि उघड्यावर ठेवायची असेल तर वर स्वतंत्र छप्पर हवे. स्टेनलेसवर घालायचे रोधक क्लोराइडमुक्त असल्याचा दाखला मागा. मे अखेरीस पत्र्यावरून थर्मल कॅमेरा फिरवला की उघडे सांधे लगेच दिसतात.

चतुर्थीला कारखाना चार-पाच दिवस बंद असतो. तेवढ्यात साठवण निवते, दमट हवा आत शिरते. नळीच्या हीटरमधले मॅग्नेशियम ऑक्साइड ही ओल शोषते. सुरू करण्यापूर्वी प्रत्येक गट मेगरने (विजेची गळती तपासणाऱ्या मीटरने) तपासा. एक मेगाओमच्या खाली वाचन आले तर कमी व्होल्टेजवर तासन्‌तास सुकवा. थेट पूर्ण व्होल्टेज दिले तर हीटर फुटतो, आणि मग दोष विजेच्या चढउतारावर टाकला जातो.

पहिल्यांदा तापवताना काय काळजी घ्यायची?

नव्या विटांत आणि जोडमातीत पाणी असते. घाईने तापवले तर आतच वाफ होऊन विटेचा पापुद्रा उडतो. उत्पादकाचा तक्ता असेल तर तोच पाळा. नसेल तर साधारण असे: तासाला १५ ते २० अंशांनी ११० ते १२० पर्यंत, तिथे २४ तास थांबा. मग तासाला २५ अंशांनी ३५० पर्यंत, तिथे १२ तास. पुन्हा त्याच गतीने ६०० पर्यंत आणि तिथे १२ तास. हवा बाहेर सोडणारी झडप या काळात उघडी ठेवा आणि तिच्या तोंडाशी गार आरसा धरून पाहा. त्यावर दव येणे थांबेपर्यंत पुढचा टप्पा नाही. हे चार-पाच दिवस वेळापत्रकात आधीच धरा.

सर्वांत आधी काय बिघडते?

हीटरची टोके. आतली लोह-क्रोमियम-अॅल्युमिनियमची तार १,००० अंशांवरही वर्षानुवर्षे टिकते, पण बाहेरचा जोड खाऱ्या दमट हवेत काळा पडतो, सैल होतो, तापतो आणि जळतो. जोडपेटी बंद आणि कोरडी ठेवा, नट दर सहा महिन्यांनी ठरलेल्या बलाने आवळा. वापरलेली ही तार थंड असताना काचेसारखी ठिसूळ होते, तिला हलवू नका.

त्यानंतर डँपर. तापून वाकतात आणि अर्धवट अडकतात. मग पंख्याची बेअरिंगे, आणि शेवटी विटा. विटा तडकल्या तरी जागच्या जागी राहिल्या तर काही बिघडत नाही. पडून हवेची वाट अडली की तिथला हीटर जास्त तापतो. म्हणून प्रत्येक गटात किमान दोन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) हवेत, एकाच्या वाचनावर विसंबू नये.

हे धोकादायक आहे का?

आग लागेल असे आत काही नसते. धोका वेगळा आहे: तेलाचा बर्नर बंद केला की उष्णता थांबते, ७०० अंशांच्या विटांना बंद करायचे बटण नसते. बॉयलरचे पाणी उतरले किंवा वीज गेली, तरी डँपर उघडा राहिला तर गरम हवा आपल्या चालीने वर चढत नळ्यांवर येत राहते. म्हणून बॉयलरकडचा डँपर स्प्रिंगने किंवा वजनाने, वीज नसताना, स्वतः बंद होणारा हवा. पाण्याच्या पातळीचे दोन स्वतंत्र कटआउट थेट त्यालाच जोडलेले असावेत, पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या संगणकाच्या) मार्फत नव्हे. जूनमधल्या पहिल्या वादळांत वीज किती वेळा जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. फीड पंप जनरेटरवर ठेवा.

परवाने कोणते लागतात?

२५ लिटरच्या वर, एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर दाब आणि १०० अंश किंवा त्याहून गरम पाणी असेल तर तो कायद्याने बॉयलर आहे, मग तापवणारी उष्णता तेलाची असो की विटांची. १९२३ च्या जुन्या कायद्याची जागा आता २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे. आल्तिनो, पणजी इथल्या कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाकडे नकाशे ऑर्डर देण्याआधी न्या, यंत्र आल्यावर नव्हे. १०० अंशांखालच्या पाण्याच्या टाकीला बॉयलरचा कायदा लागत नाही. वाढीव भारासाठी वीज खाते आणि विद्युत निरीक्षक, आणि वसाहतीतल्या शेडबाहेर बांधकाम असेल तर औद्योगिक विकास महामंडळ.

साठवलेल्या उष्णतेची परत वीज करता येईल का? नाहीतर बॅटरीच का घेऊ नये?

या आकाराला परत वीज करण्यात अर्थ नाही. छोट्या टर्बाइनमधून पाचातला एक भागही हाती लागणे कठीण. वीज हवी असेल तर बॅटरी घ्या. उष्णता हवी असेल तर बॅटरीतली महागडी वीज हीटरला देऊ नका.

काजू कारखान्याला किंवा फेणीच्या भट्टीला याचा उपयोग आहे?

काजू कारखान्यात बी वाफवायला लागणारी वाफ टरफलांवर होते. टरफले घरचीच, त्यांच्याशी स्पर्धा नको. काजूगर सुकवणाऱ्या बोर्मा ड्रायरला मात्र ६० ते ७० अंशांची स्वच्छ हवा लागते, तिथे हीट पंप पाहण्यासारखा आहे. काजू फेणीची भट्टी मार्च ते मे एवढीच पेटते. तीन महिन्यांसाठी साठवण बांधणे परवडत नाही.

जुना बॉयलर काढून टाकायचा का?

नाही. तो पावसाळ्यात आणि दुरुस्तीच्या दिवशी लागेल. पण तो दिवसरात्र गरम ठेवलात तर साठवणीने वाचवलेले इंधन तोच खाईल. साठवणीच्या वाफेची एक बारीक फांदी त्याच्या ड्रमखालच्या कॉइलला द्या, म्हणजे बर्नर न पेटवता तो तयार राहतो. दोघांच्या मुख्य व्हॉल्व्हांनंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवेतच.

कोटेशन मागताना काय लिहून घ्यावे?

‘इतके मेगावॉट-तास’ एवढ्यावर समाधान मानू नका. तो आकडा विटा खोलीच्या तापमानापर्यंत निवतील असे धरून काढलेला असू शकतो. तुमच्या दाबाला, तुमच्या फीड पाण्याच्या तापमानाला, पूर्ण भरलेल्या साठवणीतून एकूण किती किलो वाफ आणि शेवटच्या तासाला तासाला किती किलो, हे लिहून घ्या. भरून २४ तास तशीच ठेवल्यावर किती टक्के उरते, पंख्याला किती वीज जाते, एक हीटर बदलायला विटा काढाव्या लागतात का आणि त्यासाठी साठवण किती दिवस निवू द्यावी लागते, तेही. चाचणी ऑगस्टमध्ये, भर पावसात घेण्याची अट घाला.